शैलाला न दिलेलं उत्तर

निखिलचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. हात मातीचे, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. हा मुलगा बोलायला लागल्यापासून माझ्याशी इंग्रजीतच बोलत आलाय. मी मराठीत विचारायचं आणि त्यानं इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमचा तीस वर्षांचा रिवाज. त्या दिवशी मात्र म्हणाला, "मावशी, आई गेली." मला आधी तो मराठीत बोलला याचाच धक्का बसला. तो काय बोलला ते मागाहून कळलं. आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "बरं." आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. कुणी आई गेली म्हटल्यावर बरं म्हणतं का? पण तोंडातून निघालं तेच. मग मी उरलेली मेथी निवडली, सगळीच्या सगळी जुडी, आणि ती नंतर कुणी खाल्ली नाही.

शैलाला जाऊन आता दोन महिने होत आले. अचानक काही नव्हतं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, डॉक्टरांनी हातचं न राखता सांगितलं होतं, आणि तिला स्वतःला त्यातलं डॉक्टरांइतकंच कळत होतं. भेटायला येणारे म्हणतात, निदान मनाची तयारी तरी झाली असेल तुमची. कसली डोंबलाची तयारी... अजूनही सकाळी सात वाजले की मी चपला शोधायला लागते.

कारण सात दहाला आम्ही निघायचो. शैला पुण्याची, मी नागपूरची; एवढं सांगितलं तरी जाणकारांना पुढचं कळेल. इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर आणि नोकरी एकाच युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात. ती तिथे औषधशास्त्रातली संशोधक, मी फार्मासिस्ट. मग दोन गाड्या कशाला न्यायच्या, म्हणून एकाच गाडीनं जायचं ठरलं आणि ते बावीस वर्षं चाललं. एक आठवडा तिची गाडी, एक आठवडा माझी. मला दोन मिनिटं उशीर झाला तर बाईसाहेब सीटबेल्ट लावून समोर बघत बसलेल्या. बोलायच्या काही नाहीत, नुसता रेडिओ बंद करायच्या. मी डब्यात गोळाभात आणला की "अगं बाई, केवढं हे तेल" म्हणत निम्मा डबा संपवायची. तिच्या आमटीला मी सरबत म्हणायची. भांडण असं आमचं कधी झालंच नाही, कारण सतत थोडं थोडं चालूच असायचं.

तिचं काम काय, हे आमच्या मराठी मंडळात कुणालाच धड सांगता यायचं नाही. "शैलाकाकू लोकांना ड्रग्ज देतात," एवढं मुलांमध्ये पसरलं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. उत्तेजक औषधं, स्टिम्युलंट म्हणतात ती, पोटात गेली की मेंदूत दोन-तीन रसायनं एकदम उसळी मारतात. त्यातलं एक नॉरअ‍ॅड्रेनलिन. कुत्रा अंगावर आला की छातीत धडधडतं, तळहात ओले होतात, ती बरीचशी याची करणी. शैलाचा प्रश्न असा, की या नॉरअ‍ॅड्रेनलिनची वाट अडवणारी गोळी आधी दिली आणि मग उत्तेजक दिलं, तर माणसाला काय होतं? ही गोळी काही आकाशातून आणलेली नव्हे. रक्तदाबाची जुनी, साधी गोळी, आपले कितीतरी काका-काकू सकाळच्या चहानंतर घेतात तसली. त्या गोळीनं धडधड कमी होईल, हे जवळजवळ उघडच होतं. पण मजा? ते पुन्हापुन्हा हवंसं वाटणं? तेही कमी होईल का? मी तिला माझ्या भाषेत विचारलं, "म्हणजे कुकरची शिट्टी काढून घेतली तर आत डाळ शिजते की नाही, हेच बघायचंय ना तुला?" ती इतकी खूश झाली, की पुढे दर नव्या विद्यार्थ्याला हाच कुकर समजावून सांगायची. अमेरिकन पोरांना मुळात कुकरच माहीत नसायचा, तेव्हा आधी तो समजावायचा.

तिच्या प्रयोगाच्या खोलीत एक आरामखुर्ची होती. तिच्यात बसणारे स्वयंसेवक म्हणजे आधी हौसेनं अशी औषधं घेतलेले, पण तब्येतीनं ठणठणीत, नीट तपासून आणि सह्या घेऊन निवडलेले लोक. डॉक्टर, नर्स हजर असायचे. दर पंधरा मिनिटांनी शैला एक कागद पुढे करायची. त्यावर एक आडवी रेघ. डावं टोक म्हणजे अजिबात नाही, उजवं टोक म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. आवडतंय का? अजून हवंसं वाटतंय का? माणसानं रेघेवर पेन्सिलीनं खूण करायची. रक्तदाबाचं मशीन तिनं मुद्दाम नर्सकडे तोंड करून ठेवलेलं आणि स्वतः त्याच्याकडे पाठ करून बसायची. आकडा दिसला की मन लगेच अंदाज बांधायला लागतं, असं तिचं म्हणणं. कुठल्या दिवशी कुणाला खरी गोळी आणि कुणाला नुसत्या पिठाची, हे तिलाही माहीत नसायचं आणि घेणाऱ्यालाही. ते माहीत असलेलं माणूस अख्ख्या इमारतीत एकच, तळमजल्यावर फार्मसीत बसून एकसारख्या कॅप्सूल भरणारं. म्हणजे मी.

आता यातली गंमत बघा. तिच्याकडे रेघा, माझ्याकडे यादी. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवलं की उत्तर तयार. आणि उत्तराचे हे दोन अर्धे भाग रोज एकाच गाडीत बसून हायवेला लागायचे. सुरुवातीला मला याची मजा वाटायची. शैला स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणायची, "आज चार नंबर काय शांत बसला होता गं. नक्की खरी गोळी." आणि मी मघाशीच त्याच्या कॅप्सूलमध्ये पीठ भरलेलं असायचं. मी चेहरा कोरा ठेवायला शिकले. तिनं त्याला नाव ठेवलं होतं, फार्मसीचा चेहरा. पण एकदा ती असंच काहीतरी म्हणाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "असं?" बस्स, एवढंच. पण नागपुरी "असं" तो, त्यात सगळं आलं. शैलानं रेडिओ बंद केला. दुसऱ्या दिवशी तिनं संशोधनाची देखरेख करणाऱ्या समितीला दोन पानी रिपोर्ट दिला, की मला चार नंबरबद्दल अंदाज आला आहे, तरी त्याच्या नोंदी यापुढे मी घेणार नाही. समितीनं मला बोलावून समज दिली. बाप्पा, काय संतापले होते मी. एका "असं"वर दोन पानं! गाडीत मी म्हटलं, "अगं, मला आधी सांगायचंस तरी." तर म्हणे, "सांगितलं असतं तर तू मला नको म्हणाली असतीस, आणि मी कदाचित ऐकलं असतं." त्या दिवसापासून गाडीत कामाचं बोलणं बंद.

निखिल तिचा एकुलता एक. लोक मागाहून म्हणाले, की मुलासाठीच तिनं हे संशोधन हाती घेतलं. साफ खोटं. तिचा प्रश्न आधीचा, निखिलचं नंतर कळलं. कॉलेजात परीक्षेच्या वेळी जागता यावं, लक्ष लागावं म्हणून रूममेटच्या गोळ्या घ्यायला लागला, मग परीक्षा नसतानाही, आणि गोळ्या मिळेनाशा झाल्यावर त्याहून भयंकर काहीतरी. आपल्या लोकांत अशी गोष्ट कुणी सांगतं का? मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं की श्रीकांत, म्हणजे शैलाचा नवरा, म्हणायचा, "तो वेस्ट कोस्टला आहे, मोठं प्रोजेक्ट चालू आहे." आणि शैला प्रसादाच्या वाट्या भरत राहायची. मला तिनं सांगितलं ते गाडीत, रस्त्यावरची नजर न काढता. मी लेन चुकले, आणि "एक्झिट गेली बघ" एवढंच ती म्हणाली. त्यानंतर तिचा तो कागद पुढे करतानाचा आवाज बदलला असं नर्स मला म्हणायची. अजून हवंसं वाटतंय का, हे ती आता जरा हळू विचारायची.

मग ती दुपार. आम्ही परत येत होतो, गाडी तिची. अर्ध्या वाटेवर तिनं एका गॅस स्टेशनच्या कडेला गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. मला वाटलं, पेट्रोल भरायचंय. ती म्हणाली, "वृंदा, अकरा नंबर." मी तिच्याकडे वळून बघितलं. "अकरा नंबरला आज काही आवडलं नाही. खूण जवळजवळ डाव्या टोकाला. मला म्हणाला, आज काहीच मजा आली नाही, नको वाटतंय. मागच्या वेळी हाच माणूस खुर्चीत मावत नव्हता. निखिलच्याच वयाचा आहे." मी खिडकीबाहेर बघायला लागले. ती सांगत होती, की निखिल शुक्रवारी रीहॅबमधून घरी येतोय, की श्रीकांतच्या औषधांच्या डब्यात तीच गोळी आहे, घरातच आहे, कुणाकडे मागायचीही नाही. "एकच सांग. आज अकरा नंबरला खरी गोळी होती का? मी कुणाला सांगणार नाही. मी सायंटिस्ट म्हणून विचारत नाहीये गं..." आणि तिनं माझा हात धरला. बावीस वर्षांत शैलानं कधी कुणाचा हात धरल्याचं मला आठवत नाही.

मला माहीत होतं. सकाळीच भरलेली कॅप्सूल, त्यात खरी गोळी होती. मी म्हटलं, "नाही सांगणार." तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं.

लोकांना मी हे कधी सांगितलं असतं तर त्यांनी मला तत्त्वनिष्ठ वगैरे म्हटलं असतं. म्हणून इथे खरं लिहून टाकते. पहिल्या क्षणी मला तत्त्व आठवलं नाही, नियमही नाही. मला आठवला तो दोन पानी रिपोर्ट. माझ्या एका शब्दासाठी मला समितीपुढे उभं केलंस ना, आता तुझी पाळी. असा एक किडा मनात वळवळला, अगदी क्षणभरच, पण वळवळला. शहाणपणाची कारणं मागाहून आली. एका माणसाचा एक दिवस म्हणजे काही उत्तर नव्हे. तो नीट झोपला नसेल, उपाशी आला असेल. आणि निखिलची शिट्टी काढून घेतली आणि आत डाळ शिजतच राहिली तर? छाती धडधडत नाही म्हटल्यावर पोरगा अजून घेईल, अजून घेईल... कारणं चांगली होती, आजही चांगलीच वाटतात. पण नाही हा शब्द तोंडातून बाहेर पडला तेव्हा ती तिथे नव्हती. शैलानं हात सोडला आणि गाडी सुरू केली. दुसऱ्या दिवशी सात दहाला तिचा मेसेज आला, की काही दिवस ती एकटीच जाईल.

निखिल घरी आला, पाच आठवडे बरा राहिला आणि मग पुन्हा घसरला. एका दुपारी श्रीकांतचा फोन आला, की त्याला इमर्जन्सीत नेलंय, हृदयाचे ठोके आवरत नाहीयेत. मी फार्मसीचा कोट तसाच घालून धावत गेले. शैला भिंतीला टेकून उभी होती. मला बघून तिनं तिची पर्स माझ्या हातात दिली. मी ती पर्स चार तास छातीशी धरून बसले आणि एकच विचार करत होते. मी तेव्हा हो म्हटलं असतं तर ती गोळी याच्या पोटात असती. कदाचित हे हृदय असं उधळलं नसतं. निखिल वाचला, पण हृदय पुढे कितीतरी महिने अशक्त होतं. बावीस-तेवीस वर्षांचं पोर जिना चढताना मधे थांबायचं, तेव्हा मी त्यांच्या घरी जायचं टाळायला लागले.

पुढे प्रयोग संपला आणि यादी उघडायचा दिवस आला. मी माझी यादी घेऊन वर गेले, तिनं रेघा काढल्या, आणि दोन्ही कागद पहिल्यांदा एका टेबलावर आले. जे दिसलं त्यानं कुणी नाचलं नसतं. खऱ्या गोळीच्या दिवशी बहुतेकांचं हृदय शांत होतं, रक्तदाब फारसा चढला नव्हता. पण आवडतंय का, अजून हवंसं वाटतंय का, त्या खुणा थोड्याफार इकडेतिकडे, बाकी जिथल्या तिथे. डाळ शिजत होती. शैलाचं बोट अकरा नंबरच्या ओळीवर थांबलं. त्या दिवशी खरी गोळी होती, तिनं वाचलं. आणि त्याच माणसाला दुसऱ्यांदा खरी गोळी मिळाली त्या दिवशी त्याची खूण उजव्या टोकाला जाऊन भिडली होती. म्हणजे मी हो म्हटलं असतं तर ते खरं असतं, आणि तिनं त्यावर जे बांधलं असतं ते सगळं खोटं. तिनं बराच वेळ बोट तसंच ठेवलं. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. बरं केलंस म्हणेल, नाहीतर तू तेव्हा सांगायला हवं होतंस म्हणेल, काहीतरी एक. ती म्हणाली, "चल, चहा घेऊ."

पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा एका गाडीनं जायला लागलो. सगळं पूर्वीसारखं झालं, म्हणजे जवळजवळ. गोळाभात, सरबत, रेडिओ. निखिलही हळूहळू सावरला, दोनदा घसरला, पुन्हा उभा राहिला, आणि आता अ‍ॅशबर्नला एका डेटा सेंटरमध्ये कूलिंगच्या यंत्रांचं काम बघतो. शैलाला त्याचा केवढा अभिमान. पण त्या गॅस स्टेशनवरचं तिनं पुन्हा कधी काढलं नाही, आणि माझी काढायची छाती झाली नाही. मी वर्षानुवर्षं एका वाक्याची वाट बघत होते. बरं-वाईट कसलंही चाललं असतं. शेवटच्या आठवड्यात मी तिच्या पायांना तेल लावत बसले होते. ती डोळे मिटून पडलेली. मी ठरवून गेले होते, की आज विचारायचंच, शैला, मनात ठेवलंस का गं? तोंड उघडलं आणि तिनं डोळे उघडले. "काय गं?" म्हटलं, काही नाही. "काहीतरी आहे. फार्मसीचा चेहरा केलायस." मी हसले, तीही हसली, मग तिला खोकला आला आणि राहिलंच. राहिलं ते राहिलंच.

गेल्या रविवारी दुपारी निखिलचा फोन आला. अ‍ॅशबर्नहून. नेहमीसारखं इंग्रजीत हाऊ आर यू झालं, आणि मग मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "मावशी, आईनं मला एक कार्ड दिलं होतं. लास्ट व्हिजिटला. ते फ्रिजवर आहे. इट्स इन मराठी." मंडळाच्या रविवारच्या शाळेत तो बाराखडी शिकला होता, अक्षर अक्षर लावून वाचू शकतो. म्हटलं, वाच. तो वाचायला लागला, अगदी हळू, प्रत्येक शब्दाशी थांबत. वाईट दिवस आला तर आधी डॉक्टरला फोन कर. मग ग्रुपमधल्या तुझ्या माणसाला कर. ग्रुप म्हणजे व्यसनातून उठणाऱ्यांचा; हे दोन्ही फोन त्यानं केले होते, म्हणाला. "देन थर्ड इज यू." आणि पुढचं वाचलं. "वृंदा मावशी. ही उगाच धीर देणार नाही. मी गयावया केली तेव्हासुद्धा दिला नाही. मला तेव्हा राग आला होता, आता नाही. हिला विचार."

मी भिंतीला हात टेकला. तो विचारत होता, "गयावया म्हणजे काय, मावशी?"

म्हटलं, बेगिंग.

"आईनं? आईनं बेग केलं? फॉर व्हॉट?"

आणि मी त्याला सांगितलं. गॅस स्टेशन, अकरा नंबर, त्याच्या बाबांच्या डब्यातली गोळी, सगळं. दोन पानी रिपोर्टचा किडासुद्धा सांगितला, काही लपवलं नाही.  त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आज बॅड डे आहे, मावशी. रिअली बॅड. डझ इट एव्हर गो अवे? हे हवंसं वाटणं... कधी जातं का?"

जाईल रे राजा, सगळं छान होईल. हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, अगदी तयार. पोरक्या पोराला दुसरं काय सांगतात?  शेवटी म्हटलं, "मला माहीत नाही, निखिल. काही लोकांचं खूप कमी होतं, ते मी पाहिलंय. कायमचं गेलेलं मात्र मी अजून कुणाचं पाहिलं नाही."

"ओके," तो म्हणाला. फोन मात्र त्यानं ठेवला नाही. मीही ठेवला नाही. थोड्या वेळानं तिकडून नळ सोडल्याचा आवाज आला, मग तांदूळ धुतल्याचा, आणि मग त्यानं विचारलं, एका वाटीला पाणी किती घालायचं.